सेझानचं फळपात्र आणि आमचा हात : प्रत करून तैलरंग शिकताना



'कॉपी' हा शब्द आपण सगळे शाळेत एकाच अर्थानं शिकलो. पकडले गेलो तर पेपर जाणार, हा तो अर्थ. त्यामुळे 'आम्ही तैलरंग शिकलो ते एका चित्राची कॉपी करून' असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक शंका दिसते. म्हणजे यात तुमचं काय? आजचं बोलणं या शंकेबद्दलच आहे.

आम्ही म्हणजे सहा जण. नोकरी-व्यवसाय सांभाळून रविवारी रंगवणारे. कलामहाविद्यालयात कोणीच गेलेलं नाही. बहुतेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा मात्र दिल्या होत्या. जलरंग आणि पोस्टर कलर हाताखालून गेलेले होते, तैलरंग नवे होते. आम्ही दहा रविवार एकाच चित्राची प्रत केली, प्रत्येकानं आपापल्या कॅनव्हासवर. एकही प्रत हुबेहूब झाली नाही. पण जिथे जिथे ती फसली, तिथे आपला हात मनाशी काय धरून चालला होता ते आम्हाला कळलं. ते इतर कुठल्या मार्गानं कळलं असतं असं वाटत नाही. ते कसं घडलं, तेच क्रमानं सांगतो.

चित्र कोणतं, आणि तेच का

पडद्यावर जे चित्र दिसतंय ते पॉल सेझानचं आहे. 1879-80च्या सुमाराचं. आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. चित्र मोठं नाही. उंची साधारण 46 सेंटिमीटर, रुंदी साधारण 55. एका लाकडी पृष्ठभागावर पांढरा कपडा, त्यावर सफरचंदं, मागे पाय असलेलं पांढरं फळपात्र, त्याच्या उजवीकडे काचेचा ग्लास, पुढे उजव्या बाजूला तिरकी ठेवलेली सुरी, आणि मागच्या निळसर भिंतीवर पानांची नक्षी. एवढंच. कथा नाही, माणूस नाही, पुराणातला प्रसंग नाही.

पण या छोट्या चित्रापाशी चित्रकारांची मोठी शाळा भरलेली आहे. ते पॉल गोगँच्या मालकीचं होतं. तो ते विकायला तयार नसे. 1890मध्ये त्यानं एका स्त्रीचं व्यक्तिचित्र केलं, त्यात तिच्या पाठीमागे हेच स्थिरचित्र स्वतःच्या हातानं पुन्हा रंगवलं. ते व्यक्तिचित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पुढे ताहितीत आजारपणात पैशांची निकड लागली तेव्हाच गोगँच्या हातून मूळ चित्र सुटलं. मग 1900मध्ये मॉरिस दनी या चित्रकारानं 'सेझानला वंदन' या अर्थाचं एक मोठं चित्र केलं. आंब्रवाज व्होलार या चित्रविक्रेत्याच्या दुकानात काही चित्रकार एका ईझलभोवती उभे आहेत, आणि ईझलवर हेच फळपात्र आहे. म्हणजे दोन चित्रकारांनी आपल्या चित्राच्या आत याची प्रत केली. त्यानंतर रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकानं 1927च्या सेझानवरच्या पुस्तकात या एकाच चित्राचं सविस्तर विश्लेषण केलं. 'पोस्ट-इम्प्रेशनिस्ट', आपल्याकडे ज्याला उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हणतात, हे नावही फ्रायनंच 1910च्या लंडनमधल्या प्रदर्शनासाठी वापरात आणलं. सेझान 1906मध्येच वारला होता. आपल्याला हे नाव मिळणार आहे हे त्याला कधी कळलंच नाही.

आणि सेझान स्वतः? तोही प्रत करूनच शिकला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकारांना बसून प्रती करायला परवानगी मिळते, ही प्रथा 1793पासूनची आहे. तरुणपणी सेझान तिथे जाऊन जुन्या चित्रकारांवरून काम करत असे. पण आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली ती 1872च्या सुमाराची गोष्ट. सेझान तेव्हा तिशी ओलांडलेला. आधीची त्याची चित्रं काळपट, जाड, आवेशानं थापलेली. त्यानं आपल्याहून नऊ वर्षांनी मोठ्या कामीय पिसारोकडून लूव्हसिएन गावाचं एक निसर्गचित्र उसनं घेतलं आणि बसून त्याची प्रत केली. त्या काळात त्याचं पॅलेट उजळत गेलं, फटकारे लहान आणि शिस्तीचे होत गेले. सगळं श्रेय त्या एका प्रतीला देता येणार नाही, कारण तो पिसारोबरोबर उघड्यावर जाऊन रंगवतही होता. पण चांगली समज असलेला, पस्तिशीकडे झुकलेला चित्रकार दुसऱ्याची प्रत करायला बसतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, हे पाहून आमचा संकोच गेला.

कॅनव्हास, रंग, तेल

आता कामाचं बोलू. पहिली अडचण छायाचित्राची. एकाच चित्राची तीन छायाचित्रं आम्ही शेजारी ठेवली तर एकात भिंत हिरवट, दुसऱ्यात राखाडी, तिसऱ्यात चक्क आकाशी. मग संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रतिमा प्रमाण मानायची असं ठरवलं आणि तिची कागदावर मोठी प्रिंट काढली. मोबाइलच्या पडद्यावर बघून रंगवू नका. पडद्याचा उजेड आतून येतो, रंगावर तो बाहेरून पडतो. दोन्हींची तुलना करताना डोळा फसतो. कागदाची प्रिंट आणि कॅनव्हास एकाच खिडकीच्या उजेडात ठेवले की निदान खेळ समान पातळीवर येतो.

दुसरी अडचण मापाची. दुकानात तयार मिळाला तो 16 बाय 20 इंचांचा कॅनव्हास. चौकोन तो चौकोन म्हणून आम्ही चित्र त्यात बसवायला लागलो आणि सगळं आडवं ताणलं गेलं. गणित केल्यावर कळलं, 16 इंच उंचीला या चित्राची रुंदी पावणेएकोणीसच्या आसपास हवी. मग उजवीकडे सव्वा इंचाची पट्टी सोडून रेघ मारली. त्या पट्टीचा नंतर छान उपयोग झाला. प्रत्येक मिश्रण आधी तिथे लावून बघायचं, मग चित्रात. आता आम्ही मुद्दामच अशी पट्टी ठेवतो.

रंगांचं म्हणाल तर एमिल बर्नार हा तरुण चित्रकार 1904मध्ये सेझानला भेटला आणि त्याच्या पॅलेटवरच्या रंगांची यादी त्यानं लिहून ठेवली. पिवळे पाच, तांबडे सहा, हिरवे तीन, निळे तीन आणि एक काळा. ही यादी आपल्या चित्रानंतर पंचवीस वर्षांची आहे, पण दिशा दाखवते. त्यातले काही रंग आज वापरू नयेत. त्या काळचा व्हेरोनीज ग्रीन आर्सेनिकचा असे, व्हर्मिलियन पाऱ्याचा. आम्ही नऊ ट्यूबांवर भागवलं. टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिम्झन, बर्न्ट सिएना, व्हिरिडियन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन. काळा घेतला नाही. मुद्दामच, कारण काळा हाताशी असला की सावली करायला तोच आधी उचलला जातो.

ब्रश कडक केसांचे, चपटे, 6 ते 10 नंबरांमधले. मऊ ब्रश घरी ठेवा. का, ते पुढे येईल.

आणि तेल. तैलरंगातलं तेल म्हणजे बहुधा जवसाचं. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. जलरंग सुकतो म्हणजे पाणी उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून दिवस लागतात, आणि दमट हवेत जास्तच. यातूनच तो प्रसिद्ध नियम येतो, खाली पातळ, वर तेलकट. पहिला हात टर्पेंटाइननं पातळ केलेला, वरच्या थरांत तेलाचं प्रमाण वाढतं. उलटं केलं तर वरचा थर आधी आखडतो, खालचा अजून हलत असतो, आणि चित्राला पुढे भेगा पडतात.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना ते तेल उष्णता सोडतं, आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. एकेक चिंधी मोकळी पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. खिडकी उघडी असू द्या.

पहिली चूक : आम्ही भांडं सरळ केलं

पहिल्या रविवारी पातळ निळ्या रंगानं रेखाटन केलं. कॅनव्हासचे उभे-आडवे चार-चार भाग करून, त्या आधारानं. संध्याकाळी सहाही कॅनव्हास भिंतीला टेकवून पाहिले तर सहाही सारख्याच प्रकारे बिघडलेले. फळपात्र आणि ग्लास एकमेकांना खेटले होते, डावीकडे एक रिकामी जागा उरली होती, आणि सगळं चित्र उजवीकडे कललं होतं. सहा वेगवेगळे हात, चूक एकच. मग मोजायला बसलो.

मूळ चित्रात फळपात्राची वाटी तिच्या पायावर मधोमध नाही. पायापासून ती डावीकडे जास्त पसरली आहे. शिवाय तिच्या तोंडाचं लंबवर्तुळ यथार्थदर्शनाच्या नियमानं जसं असायला हवं तसं नाही. टोकं जास्त गोल, मधला भाग जास्त सपाट. ग्लासचं तोंडही तसंच. फ्रायनं या आकारांकडे लक्ष वेधलेलं आहे, पण तोवर आम्ही ते वाचलेलं नव्हतं.

आमच्यापैकी कोणीही ही वाटी मधोमध करायचं ठरवलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं की आम्ही दिसतंय तसंच काढतोय. पण शाळेत पातेल्याचं तोंड, बादलीचं तोंड, तांब्याचं तोंड शेकडो वेळा घोटलं होतं. मधून उभी अक्षरेषा काढायची, दोन्ही बाजू सारख्या करायच्या. ते शिक्षण चुकीचं होतं असं अजिबात नाही. ते नसतं तर सेझाननं काय बदललंय हे कळलंही नसतं. पण ते शिक्षण डोळ्यांच्या आधी हातात उतरलं होतं. चित्र पन्नास वेळा नुसतं पाहिलं असतं तरी हे समजलं नसतं, कारण पाहताना मन ती वाटी सरळ करूनच पाहत होतं.

दुसऱ्या रविवारी निळ्या रेघा पुसून वाटी डावीकडे नेली. नेल्याबरोबर ग्लास मोकळा झाला. डावीकडची रिकामी जागा भरली. वाटीचं सपाट झालेलं तोंड कपड्याच्या आणि पृष्ठभागाच्या आडव्या कडांशी जुळून आलं. तेव्हा लक्षात आलं की वाटी कशी आहे हे वाटी एकटी ठरवत नाही. शेजारचा ग्लास, खालची फळं, चौकटीची कड, सगळे मिळून ठरवतात.

याला आपण मराठीत 'बांधणी' म्हणू. या शब्दाशी मुंबईचा एक धागा जुळलेला आहे. सय्यद हैदर रझा हे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक. 1948मध्ये काश्मीरमध्ये त्यांची फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. त्यांनी रझांची चित्रं पाहून सांगितलं की गुण आहेत, पण चित्रात बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा. रझा 1950मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. फळपात्र एकदा सरळ करून चित्र पाडल्यावरच त्यात काय म्हटलंय ते आम्हाला उमगलं.

दुसरी चूक : आम्ही रंग घोटले

रंग भरायला लागल्यावर दुसरी सवय उघडी पडली. सफरचंद म्हणजे एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, आणि दोन्हींच्या मधली सीमा मऊ ब्रशनं घोटून गुळगुळीत. पोस्टर कलरमध्ये याला गुण मिळतात. आमची सफरचंदं दिवाणखान्यात ठेवतात तशी मेणाची झाली.

मूळ चित्रात जवळून पाहा. फटकारे तिरके, एकमेकांना समांतर, लहान. फळावरही तेच, भिंतीवरही थोडेबहुत तेच. प्रत्येक फटकाऱ्याचा रंग शेजारच्याहून जरा वेगळा. सफरचंद गोल दिसतं ते उजेडाकडून काळोखाकडे गेल्यामुळे कमी आणि पिवळ्याकडून नारिंगी, नारिंगीकडून तांबडा, मग किरमिजी आणि कडेला एखादा हिरवा किंवा निळसर, असा रंग बदलत गेल्यामुळे जास्त. उष्ण रंग पुढे आल्यासारखे वाटतात, थंड रंग मागे सरकल्यासारखे. गोलाई त्यातून येते. आणि कडेची निळी रेघ एकदाच ओढलेली नाही. ती तुटते, पुन्हा सुरू होते, कुठे दोनदा येते.

हे समजल्यावर आम्ही नियम केला. एक मिश्रण पॅलेटवर पूर्ण तयार करायचं, पट्टीवर लावून प्रिंटशी ताडून पाहायचं, ब्रशनं एकदा कॅनव्हासवर ठेवायचं आणि सोडून द्यायचं. पुन्हा हात लावायचा नाही. चुकलं तर पॅलेट नाइफनं खरवडून काढायचं. ब्रश प्रत्येक वेळी पुसायचा. एका सफरचंदाला नऊ-दहा मिश्रणं लागली आणि अख्खी सकाळ गेली. मऊ ब्रश घरी ठेवा म्हटलं ते यासाठी. हातात असला की बोटं घोटायला लागतात.

पांढऱ्या कपड्यानं सगळ्यात जास्त दमवलं. आधी सगळीकडे पांढरा लावला आणि घड्यांमध्ये राखाडी. कपडा खडूसारखा मेला. मग पोस्टकार्डाएवढ्या राखाडी पुठ्ठ्याला एक लहान भोक पाडलं आणि प्रिंटवर ठेवून फक्त त्या भोकातून पाहायला लागलो. कपडा नाहीसा होतो आणि नुसता रंगाचा ठिपका उरतो. तो कधी निळा, कधी हिरवट, कधी ओकर मिसळलेला, कधी जांभळट. ट्यूबमधून आला तसा पांढरा जवळजवळ कुठेच नाही. आमचे बहुतेक करडे पांढरा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांतून आले. सिएना वाढवला की उबदार, निळा वाढवला की थंड. हा पुठ्ठा दहा रुपयांचाही नाही, पण घरातल्या कुठल्याही वस्तूवर धरून पाहा. आपण रंग पाहत नसतो, वस्तूचं नाव वाचत असतो. कपडा म्हटला की पांढरा, सफरचंद म्हटलं की लाल.

यात आणखी एक गोष्ट दिसली. भिंतीतला निळा कपड्याच्या सावलीत येतो, फळपात्राच्या पांढऱ्यात येतो, फळांच्या कडेला येतो. म्हणून एकेक वस्तू पूर्ण करत जाता येत नाही. आमच्यातल्या एकानं सफरचंदं आधी पूर्ण केली आणि भिंत शेवटी ठेवली. भिंत झाल्यावर त्याची सगळी सफरचंदं भडक दिसायला लागली, सगळी पुन्हा करावी लागली. सेझाननं 1899मध्ये व्होलारचं व्यक्तिचित्र केलं. व्होलारनं लिहिलंय की त्यासाठी त्याला 115 वेळा बसावं लागलं. त्याच्या हातावर दोन ठिपक्यांएवढा कॅनव्हास कोरा राहिला होता. तिथे अंदाजानं काही लावलं तर तिथपासून सगळं चित्र पुन्हा करावं लागेल, अशी सेझानची अडचण होती. हा किस्सा आधी आम्हाला विक्षिप्तपणाचा वाटायचा. भिंतीनं सफरचंदं बिघडवल्यावर तो हिशेबाचा वाटू लागला.

नक्कल काय शिकवत नाही

दहाव्या रविवारी थांबलो. प्रती भिंतीला टेकवल्या, आनंद झाला, चहा झाला. मग ठरवलं, प्रिंट आत ठेवून स्वतःचं स्थिरचित्र करायचं. स्टीलचं पातेलं, चार पेरू, दोन चिकू, पांढरा पंचा.

इथे आम्ही चांगलेच आपटलो. पहिलं म्हणजे मांडायचं काय, कुठे, हेच कळेना. प्रत करताना तो निर्णय सेझाननं आधीच घेऊन ठेवला होता. तरुण चित्रकार लुई ल बाय यानं सेझानला मांडणी करताना पाहिलं होतं. फळांखाली नाणी ठेवून तो त्यांचा कल बदलत असे, रंगाशेजारी रंग ताडून पाहत असे. म्हणजे अर्धं चित्र ब्रश उचलण्याआधीच होत होतं. ते काम प्रतीत आमच्या वाट्याला आलंच नव्हतं. दुसरं म्हणजे उजेड. प्रिंटवरचा उजेड दहा आठवडे जागचा हलला नाही. खिडकीतला दुपारपर्यंत पंच्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. तिसरं म्हणजे पेरू. पुढच्या रविवारपर्यंत ते पिवळे पडले आणि खोलीभर वास सुटला.

पण सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच होती. आमच्या सगळ्या चित्रांत तिरके समांतर फटकारे आले होते. स्टीलच्या पातेल्यावरही. पातेल्यात खिडकी चमकत होती, पंचा उलटा दिसत होता, त्यावर ते तिरके फटकारे पावसासारखे वाटत होते. आणि दोघांनी तर पातेलं उगाचच वाकडं काढलं होतं! सेझाननं वाटी हलवली ती ग्लाससाठी, कडेसाठी, चित्रासाठी. आम्ही हलवली ती सेझाननं हलवली म्हणून. एक सवय मोडायला प्रत केली आणि दुसरी लावून घेतली.

प्रत करण्यातला खरा धोका हाच आहे, असं आम्हाला वाटतं. सेझाननं बर्नारला लिहिलेल्या पत्रांचा आशयही काहीसा असाच आहे. लूव्र हे वाचायला शिकण्याचं पुस्तक आहे, पण थोरांच्या देखण्या सूत्रांवर थांबून चालणार नाही, तिथून निघून निसर्गापाशी यायला हवं. आम्ही दुसऱ्यांदा पातेलं मांडलं तेव्हा एकच नियम ठेवला. फटकारा कसा द्यायचा हे आधी ठरवायचं नाही, पुठ्ठ्याच्या भोकातून काय दिसतं तेवढंच लावायचं. स्टीलसाठी फटकारे आपोआप उभे आणि लांब झाले. तिरके फक्त एका पेरूवर उरले, कारण तिथे ते खरंच लागत होते. चित्र साधारणच झालं. पण ते पाहताना सेझान आठवला नाही, आमच्या खोलीतली दुपार आठवली.

शेवटी एक व्यवहाराचं. प्रत आणि बनावट चित्र यात अंतर राखायला हवं. लूव्रमध्ये प्रत मूळ चित्राच्या मापाची करू देत नाहीत, लहान किंवा मोठी करावी लागते. आम्ही पुढच्या बाजूला कोणाचीच सही केली नाही. मागे लिहिलं : सेझानवरून केलेली प्रत, आपलं नाव, तारीख.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*दहा रविवार आणि इतका खर्च जमणार नसेल तर?*

तर एकच सफरचंद करा. सहा इंचांचा चौकोनी कॅनव्हास बोर्ड, सफरचंद आणि त्याच्या भोवतीचा थोडा कपडा. पांढरा धरून पाच ट्यूब पुरतात. दोन सकाळी लागतील. भोवतीचा कपडा मात्र सोडू नका. एकटं सफरचंद तोच धडा देणार नाही.

*प्रत चांगली झाली हे कसं ओळखायचं?*

आम्ही ती मूळ चित्राशी किती जुळते हे पाहणं सोडून दिलं. रविवार संपला की वहीत एक ओळ लिहितो, आज हात कुठे अडला. दहा रविवारांच्या दहा ओळी आहेत. पहिली ओळ 'वाटी मधोमध काढली' अशी आहे. त्या वेळी ती चूक म्हणून लिहिली होती. आता कोणी नवीन माणूस आमच्यात आला की त्याला आधी ती वही वाचायला देतो, आणि मग प्रिंट. तरीही तो वाटी मधोमधच काढतो. काढू द्यावी.